घड्याळे जुळली, पण वेळ बरोबर होती का?

रुग्णालयात आलेल्या जवळपास प्रत्येक रुग्णाच्या पहिल्या नोंदींत नाडीचा आकडा असतो. परिचारिका मनगटावर तीन बोटे ठेवते, घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहते आणि ठोके मोजते. मिनिटाला ७२, ९६ किंवा १२०. हा आकडा आता इतका अंगवळणी पडला आहे की, चारशे वर्षांपूर्वीच्या वैद्यांना तो मिळतच नव्हता हे चटकन खरे वाटत नाही. नाडी तेव्हाही पाहिली जात असे. ती जलद आहे की मंद, भरलेली की क्षीण, हे अनुभवी बोटे ओळखत. परंतु मिनिटाला ठोके किती, हे सांगायला मिनिट मोजणारे भरवशाचे घड्याळच नव्हते. इटलीतील सांतोरिओ या वैद्याने सतराव्या शतकाच्या आरंभी त्यावर एक तोड काढली. दोरीला वजन बांधून ते झुलवायचे आणि झोका नाडीशी जुळेपर्यंत दोरी कमी-जास्त करायची. मग नाडीचे माप म्हणून दोरीची लांबी लिहून ठेवायची.

झुलणाऱ्या वजनाला घड्याळाच्या चाकांशी यशस्वीपणे जोडून सेकंद विश्वासार्ह करणारा माणूस त्यानंतर अर्ध्या शतकाने आला. त्याचे नाव क्रिस्तियान हायगेन्स. शनीचे कडे कसे आहे हे ओळखणारा आणि प्रकाश हा लहरींच्या रूपाने पसरतो असे मांडणारा शास्त्रज्ञ म्हणून शाळेच्या पुस्तकात त्याची ओळख होते. पण हायगेन्स यांच्या आयुष्याची जवळपास चाळीस वर्षे ज्या प्रश्नात गेली, तो प्रश्न घड्याळांचा होता. घड्याळ अचूक कसे करायचे, आणि दोन घड्याळे सारखी वेळ दाखवत असली तर त्या वेळेवर विश्वास ठेवायचा का? हा प्रश्न आज आपल्या संगणकांच्या पोटात आहे आणि आपल्या हृदयातही आहे.

हेगमधील बालपण

हायगेन्स यांचा जन्म १४ एप्रिल १६२९ रोजी नेदरलँड्समधील हेग येथे झाला. वडील कॉन्स्टान्टाइन हे कवी आणि मुत्सद्दी होते. ऑरेंज घराण्याच्या राजपुत्रांचे ते सचिव होते. घरात पैसा होता, पुस्तके होती, संगीत होते आणि देकार्तसारखे विद्वान येत-जात होते. आई सुझाना १६३७ मध्ये मुलीच्या जन्मानंतर वारली. क्रिस्तियान तेव्हा आठ वर्षांचा होता. वडिलांनी दुसरे लग्न केले नाही. मुलांचे शिक्षण घरीच, त्यांच्या देखरेखीखाली झाले. लॅटिन, गणित, संगीत या सगळ्यांबरोबर क्रिस्तियानला हाताने यंत्रे जोडण्याचा नाद होता. पुढे लायडन आणि ब्रेडा येथे कायदा आणि गणित शिकून झाले. वडिलांच्या मनात मुलाने राजनैतिक सेवेत जावे असे होते. मुलाचे मन तिथे नव्हते आणि वडिलांनी त्याला अडवले नाही.

थोरल्या भावाबरोबर त्यांनी भिंगे घासून दुर्बिणी बनवायला सुरुवात केली. १६५५ च्या मार्चमध्ये अशाच एका दुर्बिणीतून त्यांना शनीचा चंद्र दिसला. तो आज टायटन नावाने ओळखला जातो. चार वर्षांनी त्यांनी शनीभोवती पातळ, सपाट आणि त्याला कुठेही न चिकटलेले कडे आहे हे स्पष्ट केले. आकाशाचे निरीक्षण करणाऱ्याला अमुक तारा अमुक क्षणी कुठे होता हे नोंदवावे लागते. तो क्षण सांगणारी त्या काळची घड्याळे मात्र दिवसाला सुमारे १५ मिनिटे चुकत.

१५ मिनिटांवरून १५ सेकंदांवर

झुलणाऱ्या लंबकाचा झोका जवळपास सारखाच वेळ घेतो हे गॅलिलिओने ओळखले होते. आयुष्याच्या अखेरीस, दृष्टी गेलेली असताना, त्याने लंबकाच्या घड्याळाची कल्पनाही मांडली. पण त्याच्या हयातीत ते पुरे झाले नाही. हायगेन्स यांनी १६५६ च्या डिसेंबरात स्वतंत्रपणे ते साधले. हेगमधील घड्याळजी सालोमन कोस्टर याला पुढच्या वर्षी अशी घड्याळे करण्याचा परवाना मिळाला. दिवसाची चूक १५ मिनिटांवरून सुमारे १५ सेकंदांवर आली. मिनिटकाटा आणि सेकंदकाटा यांना खरा अर्थ आला तो यामुळे. पुढे १७०७ मध्ये जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे खास घड्याळ वापरात आणले. त्याची वाट या शोधाने मोकळी केली होती.

हायगेन्स एवढ्यावर थांबले नाहीत. लंबकाचा झोका मोठा झाला की वेळ किंचित वाढतो, हे त्यांना खटकत होते. झोका लहान असो वा मोठा, वेळ अगदी सारखाच लागावा यासाठी वजन कोणत्या वाटेने झुलले पाहिजे? १६५९ मध्ये त्यांनी गणिताने उत्तर काढले. रस्त्यावरून चाक सरळ पुढे जात असताना त्याच्या कडेवरचा एखादा बिंदू जी कमान काढतो, ती कमान उलटी केली की ती वाट मिळते. लंबक त्याच वाटेने जावा म्हणून दोरीच्या दोन्ही बाजूंना वाकवलेल्या पट्ट्या बसवण्याची युक्तीही त्यांनी केली. शुद्ध गणित आणि पितळेची पट्टी यांत त्यांना अंतर वाटत नसे.

समुद्रावर घड्याळ कशाला?

या अचूकतेमागे जीवनमरणाचा प्रश्न होता. समुद्रात जहाज उत्तर-दक्षिण किती आले हे सूर्य किंवा ध्रुवतारा पाहून कळते. पूर्व-पश्चिम किती आले, म्हणजे रेखांश कोणता, हे आकाशाकडे पाहून सहज कळत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून बंदर सोडताना लावलेले घड्याळ जहाजावर बिनचूक चालत राहिले, तर बंदराची वेळ आणि जहाजावरची स्थानिक वेळ यांतल्या फरकावरून रेखांश काढता येतो. चार मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. घड्याळ एक मिनिट चुकले तर जहाज जवळपास २८ किलोमीटर भलतीकडे. तेवढ्यात खडक येऊ शकतो किंवा बेट हुकू शकते. बेट हुकले की पिण्याचे पाणी आणि ताजे अन्न हुकते, आणि लांबलेल्या सफरीत स्कर्व्हीने माणसे दगावत.

स्कॉटिश सरदार अलेक्झांडर ब्रूस यांच्यासोबत हायगेन्स यांनी १६६२ पासून समुद्रावर नेता येतील अशी लंबकाची घड्याळे तयार करायला घेतली. जहाज हलले तरी घड्याळ उभे राहावे म्हणून ते जड पेटीत बसवून टांगलेले असे. शिवाय अशी घड्याळे जोडीने न्यायची. एक बंद पडले किंवा साफसफाईला काढले तर दुसरे चालू राहील, हा साधा हिशेब होता. कॅप्टन रॉबर्ट होम्स यांनी पश्चिम आफ्रिकेच्या सफरीवर ती नेली आणि परत येऊन त्यांची मोठी तारीफ केली. पाणी संपत आलेले असताना इतर जहाजांच्या तांडेलांचे अंदाज बाजूला ठेवून आपण घड्याळांवर भिस्त ठेवली आणि केप व्हर्दे बेटांपैकी एका बेटाला बरोबर पोचलो, असा त्यांचा अहवाल होता. या अहवालाच्या खरेपणाबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या. पण तेव्हा हायगेन्स यांची उमेद वाढली.

आजारपणातले निरीक्षण

१६६५ चा फेब्रुवारी. हायगेन्स हेगच्या घरी काही दिवस आजारी होते. दुखणे फार मोठे नव्हते, पण खोलीतून बाहेर पडता येत नव्हते. खोलीत समुद्रासाठी केलेली दोन नवी घड्याळे शेजारी शेजारी टांगलेली होती. पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आले की दोन्ही लंबक अगदी ठोक्याला ठोका देत आहेत. एक डावीकडे गेला की दुसरा नेमका त्याच क्षणी उजवीकडे. त्यांनी एकाची चाल मुद्दाम बिघडवली. अर्ध्या तासात दोघे पुन्हा जुळले. तासन्‌तास पाहिले तरी त्यात फरक पडेना.

कोणतीही दोन घड्याळे स्वतंत्रपणे इतकी सारखी चालत नाहीत, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? एक घड्याळ खोलीत सुमारे १५ फूट दूर नेल्यावर दिवसाभरात दोघांत ५ सेकंदांचा फरक पडला. म्हणजे जवळ असतानाच ती एकमेकांना काहीतरी कळवत होती. पहिला संशय हवेवर गेला. झुलत्या लंबकाने हवा हलते आणि ती दुसऱ्याला ढकलत असावी. मध्ये फळी लावून पाहिली. जुळणी कायम राहिली. मग दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवे दांडे ठेवून त्यांना घड्याळे टांगली, तेव्हा खरे कारण हाती आले. लंबक झुलताना आपल्या आधाराला अगदी नकळत हलवतो. तो हेलकावा लाकडातून दुसऱ्या घड्याळापर्यंत जातो. लंबक जुळलेले नसले की खुर्च्या थरथरत. ते एकमेकांच्या उलट झुलू लागले की दोघांचे धक्के परस्परांना रद्द करत आणि दांडा शांत होई. शांतता आली की ती जुळणी टिकून राही.

हायगेन्स यांनी महिनाअखेरीस हे वडिलांना आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. या प्रकाराला त्यांनी घड्याळांमधली सहसंवेदना अशा अर्थाचा शब्द वापरला. सुरुवातीला त्यांना हा गुण वाटला होता. घड्याळे एकमेकांना सांभाळून घेतात, तर समुद्रावर बरेच झाले! लंडनमधल्या काही सभासदांनी मात्र नेमका उलटा अर्थ काढला. दिसणारही नाही इतक्या सूक्ष्म हालचालीने ज्या घड्याळाची चाल बदलते, ते वादळात डोलणाऱ्या जहाजावर काय टिकणार? शंका रास्त होती.

त्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती. दोन घड्याळे सारखी चालतात म्हणून ती बरोबर आहेत असे आपण मानतो. पण ती एकाच दांड्याला टांगलेली असतील, तर ते दोन साक्षीदार राहत नाहीत. एकाने दुसऱ्याचे ऐकून दिलेली ती एकच साक्ष असते. जुळणे वेगळे आणि खरे असणे वेगळे.

पॅरिसमधली वर्षे

१६६६ मध्ये फ्रान्सचे मंत्री कोल्बेर यांनी हायगेन्स यांना पॅरिसला बोलावले. नव्याने स्थापन होणाऱ्या विज्ञान अकादमीत त्यांना मानाचे स्थान, मोठे वेतन आणि राजाच्या ग्रंथालयात राहायला जागा मिळाली. पुढची पंधरा वर्षे त्यांचे मुख्य काम तिथे झाले. तरुण लायबनिट्स गणितात पुढे गेला तो त्यांच्याच मार्गदर्शनाखाली.

याच काळात त्यांची प्रकृती वारंवार ढासळली. १६७० मध्ये ते इतके आजारी पडले की आपण वाचत नाही अशी त्यांची खात्री झाली. इंग्रज राजदूताच्या सचिवाला बिछान्याजवळ बोलावून त्यांनी आपले अप्रकाशित कागद रॉयल सोसायटीकडे पोचवण्यासाठी त्याच्या हवाली केले. ते वाचले, पण ताकद यायला घरी जाऊन बरेच महिने काढावे लागले. १६७६ मध्ये पुन्हा तेच झाले आणि जवळपास दोन वर्षे हेगला गेली. पत्रांतून डोकेदुखी, अशक्तपणा आणि खोल उदासी यांचे उल्लेख येतात. त्या काळी याला सरसकट विषाद म्हणत. आज वाचणाऱ्याला नैराश्याचा आजार आठवतो. परंतु रुग्णाला न तपासता साडेतीनशे वर्षांनंतर निदान करणे योग्य नाही. एवढे मात्र दिसते की अतिशय बुद्धिमान, यशस्वी आणि प्रेमळ कुटुंबातल्या माणसालाही हे दुखणे सोडत नाही. आणखी एक गोष्ट दिसते. प्रत्येक वेळी घरच्यांकडे परतल्यावर, विश्रांती आणि वेळ मिळाल्यावर ते पुन्हा कामाला लागले. मनाचा आजार म्हणजे आळस किंवा कमकुवतपणा समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बाहेरचा ताणही कमी नव्हता. १६७२ मध्ये फ्रान्सने नेदरलँड्सवर स्वारी केली. वडील आणि भाऊ ऑरेंजच्या विल्यमच्या सेवेत, आणि क्रिस्तियान शत्रूराजाच्या पगारावर. ते पॅरिसमध्येच राहिले आणि १६७३ मध्ये लंबकाच्या घड्याळावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो चौदाव्या लुईला अर्पण केलेला आहे. मायदेशी त्यावर नाराजी उमटणे साहजिक होते.

१६७५ मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. लंबक जहाजावर टिकत नसेल तर लंबकच नको. एका छोट्या चाकाला केसासारखी बारीक, गुंडाळलेली स्प्रिंग लावली की ते चाक स्वतःच मागे-पुढे फिरत राहते आणि त्याला कोणत्याही अवस्थेत धरले तरी चालते. खिशातले आणि पुढे मनगटावरचे घड्याळ यातून आले. या शोधाच्या मालकीवरून पॅरिसच्या घड्याळजीशी आणि इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक यांच्याशी वाद झाला. हूक यांचे म्हणणे होते की कल्पना आपली आधीची आहे. त्यांनी स्प्रिंगवर आधी काम केले होते हेही खरे. त्या काळी ही स्प्रिंग उष्णतेने सैल पडत असे, म्हणून समुद्रावर तिचा तडक उपयोग झाला नाही.

१६८१ मध्ये आजारपणामुळे हायगेन्स पुन्हा हेगला आले ते कायमचे. १६८३ मध्ये कोल्बेर वारले. फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांवरची बंधने वाढत गेली आणि १६८५ मध्ये त्यांचे धर्मस्वातंत्र्यच काढून घेण्यात आले. प्रोटेस्टंट हायगेन्स यांच्यासाठी पॅरिसचे दार बंद झाले.

आयर्लंडवरून गेलेले जहाज

घड्याळांचा ध्यास मात्र सुटला नव्हता. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मदतीने १६८६ मध्ये त्यांची सुधारलेली लंबकाची घड्याळे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे निघाली. परतीच्या प्रवासातील नोंदी घेऊन हायगेन्स हिशेबाला बसले. घड्याळांवरून काढलेला मार्ग नकाशावर आखला, तर जहाज चक्क आयर्लंडच्या जमिनीवरून गेलेले दिसले!

अशा वेळी घड्याळ बिघडले म्हणून विषय मिटवता आला असता. हायगेन्स यांनी तसे केले नाही. १६७२ मध्ये फ्रेंच निरीक्षक रिशेर याला विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे लंबकाचे घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडताना आढळले होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते. त्यामुळे विषुववृत्तावर वस्तू बाहेर फेकली जाण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त असते आणि वजन किंचित घटते. हायगेन्स यांच्या हिशेबाने ही घट २८९ मध्ये एक भाग इतकी. वजन घटले की लंबक मंदावतो. ही दुरुस्ती अक्षांशानुसार केल्यावर जहाजाचा मार्ग आयर्लंडवरून सरकून समुद्रात, जिथे असायला हवा तिथे आला.

यातला धडा मोठा आहे. जहाजावरची सर्व घड्याळे लंबकाची होती. सर्वांवर एकच परिणाम होत होता. ती परस्परांशी कितीही जुळली असती तरी सगळी मिळून एकाच दिशेने चुकली असती. चूक कळली ती बाहेरच्या पुराव्यामुळे, म्हणजे नकाशावरच्या जमिनीमुळे. पुढच्या सफरीचे निकाल मात्र समाधानकारक आले नाहीत.

१६८७ मध्ये वडील नव्वदीत वारले. हायगेन्स यांनी लग्न केले नव्हते. शेवटची काही वर्षे त्यांनी फोरबर्ग येथील कुटुंबाच्या बागेतल्या घरात बरीचशी एकट्याने काढली. १६८९ मध्ये इंग्लंडला जाऊन ते न्यूटनना भेटले आणि १६९० मध्ये प्रकाशावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ८ जुलै १६९५ रोजी हेग येथे, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रेखांशाचा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता. तो इंग्लंडच्या जॉन हॅरिसन या सुताराच्या घड्याळाने अठराव्या शतकात सुटला. १७६१ मध्ये जमैकाच्या सफरीवर निघालेल्या त्या घड्याळात लंबक नव्हता. त्यात चाक आणि गुंडाळलेली स्प्रिंग होती.

संगणकातील घड्याळे, हृदयातील पेशी

हायगेन्स यांच्या खोलीतला प्रश्न आज रुग्णालयाच्या नोंदी सांभाळणाऱ्या संगणकातही आहे. एका संगणकात आता अनेक प्रोसेसर असतात आणि पुष्कळ यंत्रांत प्रत्येकाजवळ वेळ मोजणारा आपापला गणक असतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक भाग कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा ते ठरवतो. एखादे काम एका प्रोसेसरवर सुरू झाले आणि दुसऱ्यावर हलवले, आणि दुसऱ्याचे घड्याळ थोडे मागे असेल, तर हिशेबाने ते काम सुरू होण्याआधीच संपले असे निघते! मग वेळेची वाटणी कोलमडते. कोणाला उगीच जास्त वेळ मिळतो, तर कोणी ताटकळत राहते.

लिनक्ससारख्या प्रणालीत यावर तीन उपाय आहेत. पहिला, गणकाची वेळ घेताना ती कधीही मागे जाऊ द्यायची नाही आणि ठरावीक ठोक्यांच्या मर्यादेपुढेही पळू द्यायची नाही. दुसरा, दोन प्रोसेसरांच्या वेळा ताडून पाहण्याची वेळ आली की जी पुढे असेल ती दोघांसाठी धरायची. म्हणजे मागे राहिलेल्याला पुढे ओढून घ्यायचे. हा झाला हायगेन्स यांचा दांडा. पण ओढून जुळवलेली घड्याळे बरोबर आहेत असे होत नाही. म्हणून तिसरा उपाय आहे पहारेकऱ्याचा. यंत्रातले दुसरे, स्वतंत्र घड्याळ घेऊन त्याच्याशी गणक थोड्या थोड्या वेळाने ताडून पाहायचा. फरक मर्यादेबाहेर गेला तर त्या गणकाला अविश्वासू ठरवून बाजूला करायचे. यातही एक सावधगिरी आहे. कधी कधी यंत्र इतके गुंतलेले असते की पहारेकऱ्याचे वाचनच उशिरा होते. म्हणून दोष देण्याआधी पुन्हा वाचून पाहतात.

आपल्या छातीत हीच व्यवस्था जन्माआधीपासून चालू असते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात काही हजार पेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्यातली प्रत्येक पेशी स्वतःच्या चालीने ठोका देऊ शकते, आणि सगळ्यांची चाल सारखी नसते. शेजारच्या पेशींत विजेचे सूक्ष्म दुवे असतात. त्यांतून त्या एकमेकींना ओढून घेतात आणि सगळ्यांचा मिळून एक ठोका पडतो. या पुंजक्यात चट्टे पडले, दुवे तुटले, तर ठोका मंदावतो किंवा अडखळतो. तेव्हा कृत्रिम पेसमेकर बसवावा लागतो. मात्र सगळ्या पेशी जुळलेल्या आहेत म्हणून हृदयाची गती योग्यच आहे असेही नसते. ताप, रक्तक्षय किंवा थायरॉइडचा विकार असेल तर अगदी शिस्तीत जुळलेले हृदय मिनिटाला १२० ने धावते. नाडी नियमित आहे म्हणून ती निरोगी आहे असे नव्हे.

घरोघरी आता रक्तदाब मोजायची यंत्रे आली आहेत. तीन वेळा मोजले आणि तिन्ही आकडे सारखे आले की आपण निश्चिंत होतो. पण दंडाला बांधायचा पट्टा लहान असेल तर तिन्ही आकडे सारखेच आणि तिन्ही जास्त येतील. वारंवार मोजणे चांगलेच. त्याबरोबर अधूनमधून दवाखान्यातल्या वेगळ्या, तपासलेल्या यंत्रावरही दाब मोजून घ्यावा, आपले यंत्र सोबत नेऊन दोन्ही ताडून पाहावीत. फरक आढळला तर लगेच औषध बदलू नये आणि यंत्र फेकूनही देऊ नये. पट्टा, बसण्याची पद्धत, मोजण्याची वेळ पाहून पुन्हा मोजावे. आयर्लंडवरून गेलेल्या जहाजाचे कारण शोधताना हायगेन्स यांनी हेच केले होते.

१४ जानेवारी २००५ रोजी एक छोटे यान टायटनवर उतरले. हायगेन्स यांनी ३५० वर्षांपूर्वी घरी घासलेल्या भिंगातून पाहिलेला तोच हा चंद्र. त्या यानाला त्यांचेच नाव दिले आहे.